पाकट आणि पांझरा

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमारांना समाधान वाटणे स्वाभाविक होते. बेसुमार मासेमारीमुळे दुर्मीळ होत चाललेल्या एका माशाकडे शासनाचे लक्ष गेले, हेही काही कमी नव्हे. तथापि या घोषणेच्या निमित्ताने एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आलेली दिसली नाही. ज्या राज्याला समुद्रकिनारा लाभला आहे, त्याच राज्याला तापी, गोदावरी, भीमा, कृष्णा अशा मोठ्या नद्याही लाभल्या आहेत. परंतु त्या नद्यांत राहणाऱ्या जीवांची गणना शासनाच्या आणि सुशिक्षितांच्या विचारात क्वचितच होते. नदी म्हटली की दलघफू आठवतात, टीएमसी आठवतात, धरणातील साठ्याची टक्केवारी आठवते. नदीत पाण्याखेरीज आणखी काही असते, याची आठवण मासळीबाजाराबाहेर सहसा कोणी ठेवत नाही.

याउलट एक घटना कंबोडियात घडली. १३ जून २०२२ रोजी मेकाँग नदीत, स्टुंग ट्रेंग प्रांतातील एका बेटाजवळ, एका साध्या मच्छीमाराच्या गळाला गोड्या पाण्यातील एक पाकट लागले. त्याचे वजन भरले ३०० किलो आणि शेपटीसह लांबी जवळजवळ ४ मीटर. गोड्या पाण्यात सापडलेल्या माशांपैकी वजनाची विश्वसनीय नोंद असलेला हा सर्वांत मोठा मासा ठरला. मच्छीमाराने तो कापून विकला नाही, शास्त्रज्ञांना कळवले. त्यांनी त्याला मोबदला दिला, माशाच्या अंगावर संदेश पाठवणारे एक छोटे यंत्र बसवले आणि मासा पुन्हा नदीत सोडून दिला. ख्मेर भाषेत पौर्णिमेच्या चंद्राला जे नाव आहे, ते 'बोरामी' हे नाव त्याला गावकऱ्यांनी दिले. एका गरीब देशातील नदीत इतका अवाढव्य प्राणी आजवर टिकून राहिला, याचे आश्चर्य जगाने केले. परंतु तो टिकला कशामुळे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते पिंपळनेरच्या पांझरेपर्यंत येऊन पोहोचते.

पाकट म्हणजे काय

कोकणच्या माणसाला पाकट ठाऊक असते. खानदेशात हा शब्द बहुतेकांना अपरिचित असेल. शार्क माशांच्या, म्हणजे मुशीच्या कुळाशी जवळचे नाते असलेला हा चपटा, थाळीसारखा मासा. त्याच्या अंगात हाड नसते. सांगाडा सारा कूर्चेचा. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे, अशी त्याची उलटी रचना असते. वाळूत अंग पुरून तो तासन्‌तास पडून राहतो. तोंड चिखलाकडे असल्यामुळे डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून तो पाणी आत घेतो आणि खालच्या बाजूच्या कल्ल्यांतून बाहेर सोडतो. भक्ष्य दिसण्याची त्याला फारशी गरज भासत नाही. कारण कोणत्याही जिवंत प्राण्याच्या शरीरातून निघणारी अत्यंत क्षीण विद्युत्‌ ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये त्याच्या त्वचेत असतात. गढूळ पाण्यात, काळोख्या रात्री, वाळूखाली दडलेली कोळंबी, खेकडा, गोगलगाय किंवा अळी तो अचूक हेरतो. दक्षिण अमेरिकेतील एका जातीचे पाकट कीटकांचे कठीण कवच जबडा आडवा हलवून सस्तन प्राण्यांप्रमाणे चावून खाते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. चर्वण हा केवळ गाईम्हशींचा मक्ता नाही, हे त्यामुळे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नव्याने शिकावे लागले.

त्याच्या शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला एक काटा असतो आणि त्यावरील आवरणात विष असते. हा काटा झिजला किंवा मोडला तर दुसरा उगवतो. पाकट आपण होऊन माणसावर चाल करून जात नाही. पाण्यात चालताना त्याच्या पाठीवर पाय पडला, तरच ते शेपटी उगारते. म्हणून ॲमेझॉनच्या काठचे लोक उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकीत नाहीत, वाळूतून घाशीत नेतात. काटा लागल्यास असह्य वेदना होतात आणि जखम चिघळते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो अवयव बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, हा उपचार आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केला आहे. पुढचे उपचार अर्थातच रुग्णालयात व्हावयास हवेत.

खाऱ्याकडून गोड्याकडे

हा मूळचा समुद्राचा प्राणी. शार्क आणि पाकटे यांच्या सर्व जातींपैकी जेमतेम पाच टक्के जाती गोड्या पाण्यात शिरू शकतात. याचे कारण त्यांच्या रक्तात आहे. समुद्रातील पाकट आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवते आणि त्यायोगे आतले आणि बाहेरचे क्षारांचे पारडे समतोल ठेवते. असा प्राणी गोड्या पाण्यात आला, तर पाणी त्याच्या अंगात शिरू लागते आणि त्याला ते सतत बाहेर टाकावे लागते. ॲमेझॉनच्या पाकटांनी हा प्रश्न कायमचा सोडवला. लक्षावधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज समुद्रातून आत आले आणि तेथेच रमले. त्यांच्या रक्तात आता युरिया नावापुरताच उरला आहे. त्यांना खाऱ्या पाण्यात सोडले तरी तो पुन्हा साठवता येत नाही. समुद्राकडे परतण्याचा त्यांचा दोर कापला गेला आहे. आज त्यांच्या तीन डझनांहून अधिक जाती दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतात.

आशियातील नद्यांत शिरलेल्या पाकटांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यापैकी ज्यांचा अभ्यास झाला, त्यांच्या शरीरात युरिया साठवण्याची जुनी क्षमता काही प्रमाणात शिल्लक असल्याचे आढळले. पाणी मचूळ झाले की ती वाढते. म्हणजे हे प्राणी, भाषेचा दृष्टांत द्यायचा तर, अजून द्विभाषिक आहेत. मेकाँगमधील प्रचंड पाकट नदीच्या वरच्या डोहांतही सापडते आणि मुखाजवळच्या मचूळ पाण्यातही सापडते. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ॲमेझॉनच्या पाकटाला नदी पुरते. आशियाच्या पाकटाला नदी हवी, मुख हवे आणि त्या दोहोंमधील वाटही मोकळी हवी.

त्यातच या प्राण्याची वंशवृद्धी अत्यंत सावकाश होते. रोहू किंवा कटला एका हंगामात लक्षावधी अंडी घालतो. त्यातली बहुतेक नष्ट झाली तरी जात टिकते. पाकट अंडी घालीत नाही. मादी पिलांना उदरात अनेक महिने वाढवते, गर्भाशयातून स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसते आणि मोजक्याच पिलांना जन्म देते. पिलू वयात येण्यासही काही वर्षे लागतात. अशा प्राण्याची एक मोठी मादी मेली, तर ती हानी भरून यायला वर्षे जातात. थायलंडमधील मे क्लोंग नदीत २०१६ साली दूषित सांडपाण्यामुळे डझनावारी प्रचंड पाकटे काही दिवसांत मरून तरंगू लागली, तेव्हा शास्त्रज्ञ हवालदिल झाले ते यामुळेच. एका कारखान्याच्या एका चुकीने एका पिढीचा हिशेब बिघडतो.

गंगेचे उदाहरण

हे सारे परदेशातले आहे, असे कोणी म्हणू नये. गोड्या पाण्यातील पाकटाची शास्त्रीय नोंद होण्याचा मान भारताकडेही जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गंगेतील पाकटांचे वर्णन आहे आणि त्यांपैकी एकाला त्याने 'नदीतले' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. समुद्राच्या भरतीचे पाणी जेथवर पोहोचते, त्याच्याही कितीतरी वर, कानपूरपर्यंत हे पाकट आढळत असल्याचे जुन्या मत्स्यग्रंथांत नमूद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बी. एल. चौधरी या भारतीय शास्त्रज्ञाने गंगेच्या पाकटांवर स्वतंत्र लेख लिहिला.

त्यानंतर १९७५ साली फरक्का बंधारा वापरात आला. कोलकाता बंदरातील गाळ हटवण्यासाठी बांधलेल्या या बंधाऱ्याने समुद्रातून अंडी घालण्यासाठी येणाऱ्या हिलशाची वाट अडवली. एकेकाळी अलाहाबादपर्यंत येणारा हिलसा वरच्या गंगेतून जवळजवळ दिसेनासा झाला, ही गोष्ट सर्वमान्य आहे; कारण हिलशाला बाजारात किंमत आहे आणि बंगाली माणसाच्या ताटात त्याला स्थान आहे. पाकटाला ती किंमत नाही; म्हणून ते गेले तरी त्याची बातमी झाली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली गंगेच्या या पाकटाचे नाव घालण्यात आले. वाघाच्या पंक्तीला त्याला बसवण्यात आले खरे. परंतु वाघासाठी राखीव वने, रक्षक आणि दर चार वर्षांची गणना आहे. नदीतल्या प्राण्याला कागदावरचे संरक्षण मिळाले; त्याची वाट मात्र अडलेलीच राहिली.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ॲमेझॉनमधील काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली पाकटे जगभरच्या शोभेच्या मत्स्यपेट्यांसाठी विकली जातात आणि भारतातील हौशी लोकही ती पाळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यांच्या काही जातींच्या व्यापारावर निर्बंध घातले. भारताने त्याच वर्षी वन्यजीव कायदा सुधारला आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकांवर बंधनकारक केली. हे योग्यच झाले. पण काचेच्या पेटीतील परदेशी पाकटाची नोंद व्हावी आणि स्वतःच्या नदीतील जीवांची नोंद करण्यास मात्र कोणी नसावे, ही आपल्या ज्ञानव्यवहाराची शोकांतिका म्हटली पाहिजे.

धरणाची दुहेरी करणी

धरण नदीच्या जीवांची वाट अडवते, एवढे सांगून भागणार नाही. कारण सत्य याहून गुंतागुंतीचे आहे. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पराना नदीवर इताइपू हे महाकाय धरण बांधण्यात आले. १९८२ साली त्याच्या जलाशयात ग्वाइरा येथील विख्यात धबधबे बुडाले. हे धबधबे म्हणजे खालच्या आणि वरच्या नदीमधील निसर्गाची भिंत होती. ती बुडताच खालच्या भागातील पाकटे वर सरकली आणि जेथे ती पूर्वी कधीच नव्हती, त्या वरच्या परानेत पसरली. तेथील मच्छीमारांना आणि नदीत आंघोळीला जाणाऱ्यांना या प्राण्याची काहीच ओळख नव्हती. काटा लागून जखमी होणाऱ्यांची संख्या वाढली.

गंगेत धरणाने वाट बंद केली, परानेत धरणाने वाट उघडली. आणि दोन्ही ठिकाणी परिणामांचा विचार आधी कोणी केला नव्हता. म्हणजे दोष केवळ भिंतीचा नाही. नदी म्हणजे पाण्याचा एक साठा, या समजुतीने आखलेल्या नियोजनाचा तो दोष आहे. अभियंता पाणी मोजतो, शेतकरी पाळी मोजतो, पुढारी सिंचनक्षेत्र मोजतो. नदीत कोण राहते आणि ते कोठून कोठे जाते, हे मोजण्याचे काम मात्र कोणाचेच नसते.

पिंपळनेर ते खंबायत

आता घराकडे वळावे. पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरात पांझरा उगम पावते. लाटीपाड्याच्या धरणात ती प्रथम अडते. साक्रीकडे जाताना कान नदीला पोटात घेते. पुढे अक्कलपाड्याच्या धरणात पुन्हा थांबते. धुळे शहर ओलांडून उत्तरेकडे वळते आणि मुडावद येथे, कपिलेश्वराच्या मंदिराजवळ, तापीला मिळते. तापीवर धुळे-नंदुरबार जिल्ह्यांत सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज आहेत. गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आणि त्याच्याही आधीचा काकरापारचा बंधारा आहे. शेवटी सुरतेला सिंगणपूरचा बंधारा येतो आणि समुद्राची भरती तेथे थबकते. पिंपळनेरच्या डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब खंबायतच्या आखातात पोहोचेपर्यंत त्याला इतक्या दारांवर थांबावे लागते. थेंबाचे एक वेळ ठीक. दार उघडले की तो वाहून जातो. पण खालून वर येऊ पाहणाऱ्या माशासाठी त्या दारांपैकी एकही उघडत नाही.

पांझरा ही पाकटाची नदी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती खडकाळ, उताराची आणि उन्हाळ्यात आटणारी नदी आहे; पाकटाला लागणारे खोल, बारमाही, वाळूचे तळ तिच्यापाशी नाहीत. तरीही या प्राण्याच्या कुळाचा दख्खनच्या भूमीशी असलेला संबंध फार पुरातन आहे. पिंपळनेर ज्या काळ्या खडकावर वसले आहे, तो खडक सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये, चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातील आसिफाबाद परिसरात, साचलेल्या गाळात पाकटाच्या कुळातील माशांचे अश्मीभूत दात सापडले आहेत आणि १९९३ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. आज जेथे समुद्राचा मागमूस नाही, तेथवर हे प्राणी येऊन गेले होते. पाण्याच्या वाटा बदलतात, हे पृथ्वीचा इतिहास सांगतो. फरक इतकाच की पृथ्वी त्या कोट्यवधी वर्षांत बदलते आणि माणूस एका पंचवार्षिक योजनेत.

पाकट नसले, तरी वाटेवर अवलंबून असणारे अन्य जीव महाराष्ट्राच्या नद्यांत आहेतच. अहीर या नावाने ओळखला जाणारा सापासारखा मासा समुद्रात जन्मतो, बोटभर असताना नदीत चढतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि अखेर प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे निघतो. पुराच्या पाण्यात वरच्या खळाळाकडे जाऊन अंडी घालणारा महासीर आहे. या माशांना समुद्रापासून उगमापर्यंत नाही, तरी डोहापासून खळाळापर्यंत जाता आले पाहिजे. नदीचे तुकडे पडले की हे मासे आधी विरळ होतात आणि मग नाहीसे होतात. त्यांच्या जागी गंगेच्या खोऱ्यातून आणलेली कटला-रोहूची बोटुकली जलाशयांत सोडली जातात. मूळचा आफ्रिकेचा आणि १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आपोआप पसरतो. पकडीचे टनांतील आकडे वाढतात आणि कागदावर सारे काही ठीक दिसते. गावातील वृद्ध भोई किंवा पश्चिम पट्ट्यातील आदिवासी ज्या माशांची नावे घेतो, ते मासे मात्र त्याच्या नातवाला ठाऊक नसतात. शब्द आधी जातो की मासा, हे सांगणे कठीण. दोन्ही एकमेकांच्या पाठोपाठ जातात.

वाटेइतकाच महत्त्वाचा आहे नदीचा तळ. पाकटाला वाळू लागते, तशी ती इतर अनेक जीवांनाही लागते; आणि पावसाळ्याचे पाणी धरून ठेवून हिवाळ्यात विहिरींना ते पुरवण्याचे कामही वाळूच करते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहानशा क्षेत्रातील वाळूउपशालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले आणि नंतर तेही बदलले. या सर्व चर्चेत वाळूचा भाव, वाळूची चोरी आणि वाळूचा महसूल यांचा ऊहापोह झाला. वाळू हे नदीचे अंग आहे, हा मुद्दा मात्र मंजुरीच्या कागदापलीकडे फारसा गेला नाही.

फडाची शिकवण

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या साक्री तालुक्याच्या पूर्वभागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे माशांची चिंता करणे म्हणजे पोटभरल्यांची चैन होय; महाराष्ट्राच्या वाट्याचे तापीचे पाणी अडवलेच पाहिजे, नाही तर ते समुद्राला मिळून वाया जाईल. या आक्षेपातील वेदना खरी आहे आणि तिची टवाळी करणे कोणालाही शोभणार नाही. पिण्याच्या पाण्याचा हक्क सर्वांत पहिला, हेही निर्विवाद. परंतु 'समुद्राला मिळते ते वाया जाते' हा या युक्तिवादाचा पाया तपासून घेतला पाहिजे. सुरतेच्या खाडीतील मासळी, मुखापाशी येणारा हिलसा, खाऱ्या पाण्याला शेतात शिरू न देणारा गोड्या पाण्याचा दाब, हे सर्व त्या 'वाया' गेलेल्या पाण्यावरच चालते. शिवाय उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी काठच्या विहिरीही कोरड्या पाडते. मासा मरतो त्याच्या पुढच्याच वर्षी माणसाची घागर रिकामी होते. म्हणून माणूस की मासा, असा हा प्रश्न नाही. दोघेही एकाच पाण्याचे कूळ आहेत.

आणि या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञांकडे जाण्याची गरज नाही. पांझरेच्या काठानेच काही शतके एक व्यवस्था नांदत आली, ती म्हणजे फडबागायत. साक्री आणि धुळे तालुक्यांत नदीवर ठिकठिकाणी बुटके दगडी बंधारे घालून, पाट काढून, एका फडात एका वर्षी एकच पीक घेण्याची ही पद्धत आहे. पाणी किती आणि कोणाला, हे गावचे पंच ठरवीत. पाटकरी ते शेतावर पोहोचवी. हवालदार आणि जागल्या राखण करीत. पाणी कमी पडले तर एकट्याचे पीक वाळत नसे. फड आखडता घेतला जाई आणि तूट सर्वांनी वाटून घेतली जाई. बंधारे बुटके असल्यामुळे पूर त्यांच्या माथ्यावरून निघून जाई, वाळू पुढे सरके, आणि पुरासोबत चढणाऱ्या माशालाही वाट मिळे. ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. जमीन ज्याच्यापाशी नाही त्याला फडात स्थान नव्हते. पण पाणी ही एकट्याची मालमत्ता नसून ती पाळीने घ्यायची वस्तू आहे, हे तत्त्व तिने पिढ्यानुपिढ्या पाळले.

आज गरज आहे ती या तत्त्वाचा एक पाऊल पुढे विस्तार करण्याची. पाण्याच्या पाळीपत्रकात नदीचेही नाव असावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने गंगेच्या वरच्या टप्प्यांसाठी किमान प्रवाह ठरवून देणारी अधिसूचना काढली. म्हणजे धरणातून नदीसाठी पाणी सोडणे ही कविकल्पना नसून प्रशासनाला करता येणारी गोष्ट आहे. तो आदेश गंगेपुरता आहे. पावित्र्याचा मान गंगेचा मोठा असेल. पण तापीही खानदेशाने सूर्यकन्या मानलेली आहे, आणि तहानेला कुळ नसते.

दुसरी गोष्ट, डोह राखण्याची. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने महासीर राखला जातो; तेथे कोणी जाळे टाकीत नाही. तेथे श्रद्धेने जे साधले, ते ग्रामसभेच्या ठरावानेही साधता येईल. पांझरेवर ज्या ठिकाणी उन्हाळ्यातही पाणी टिकते, असे चार-दोन डोह मासेमारीपासून आणि वाळूउपशापासून राखले, तरी पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा वसते.

तिसरी गोष्ट आहे नोंदीची, आणि ती शिक्षक व विद्यार्थी यांच्या हातची आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी आणि तिने लोकांच्या साहाय्याने जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी योजना आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती. मुदतीच्या घाईत तयार झालेल्या अशा नोंदवह्यांत आपल्या गावच्या नदीतील किती मासे नोंदले गेले, ते कोणी सांगितले, कोणत्या डोहात आणि कोणत्या महिन्यात पाहिले, हे गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी एकदा तपासून पाहावे. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांची यादी केली, तेव्हा त्याने अनेक माशांना त्यांची स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. परक्या राजवटीतील एका अधिकाऱ्याला जे ऐकून घ्यावेसे वाटले, ते आपल्या विद्यापीठांतील प्राणिशास्त्राच्या विभागांना आणि पिंपळनेर-साक्रीच्या वर्गखोल्यांना ऐकून घेणे कठीण नाही.

मेकाँगमधील तो तीनशे किलोंचा जीव टिकला, याचे कारण कंबोडिया श्रीमंत किंवा फार विज्ञाननिष्ठ आहे हे नव्हे. तेथील नदीचा एक मोठा टप्पा अजून सलग आहे, तेथील डोह अजून खोल आहेत, आणि असा मासा सापडला तर कोणाला कळवायचे हे तेथील मच्छीमाराला सांगून ठेवलेले होते. वाट, डोह आणि नोंद या तीनच गोष्टी. त्या मेकाँगवरही धरणांचे आराखडे आहेत आणि तेथील लढाई संपलेली नाही. पांझरेच्या वाट्याला तीनशे किलोंचे पाकट कधी येणार नाही, आणि त्याची अपेक्षाही नाही. पण पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात बंधाऱ्यावरून उडी घेणारा वीतभर मासा पिंपळनेरच्या मुलांना पुढेही दिसावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. ती पुरी करायची की नाही, हे पाण्याच्या पाळीपत्रकावर सही करणाऱ्यांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे.